घरी घडवलेली घड्याळं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणपती जवळ आले की देखाव्यांच्या निमित्ताने घड्याळांवरची पत्रं वाढतात. या वेळी ज्यांनी काही करून पाहिलं आणि मधेच अडले, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न: शब्दांत वेळ सांगणारं एलईडीचं घड्याळ इंग्रजीत पाहिलं. तसंच मराठीत करायचं आहे. ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ कसे बसवायचे? चौकोन किती लागतील? प्लायमधून लेझरने अक्षरं कापून घेतली, तर ‘व’ आणि ‘ठ’ यांचा मधला भाग निखळून पडला आणि जोडाक्षरंही फुटली.
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर: आधी शब्दांची यादी पक्की करा, जाळी नंतर आखा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्याने वेळ सांगायची तर एक ते बारा हे आकडे, त्यांच्याआधी लागणारे सव्वा, साडे, पावणे, एकटेच येणारे पाऊण, दीड, अडीच आणि शेवटी ‘वाज’ एवढं पुरतं. ‘वाज’च्या पुढे ‘ला’ आणि ‘ले’ दोन वेगळ्या चौकोनांत ठेवा. एका चौकोनात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘व्वा’सुद्धा एकाच चौकोनात. असं मोजलं की ४४ चौकोन होतात, आणि आठ उभे, सहा आडवे अशा ४८ च्या जाळीत ते नीट बसतात.

पहिली ओळ: सव्वा, साडे, पावणे आणि एक भरतीचा चौकोन. दुसरी: पाऊण, दीड, अडीच. तिसरी: एक, दोन, तीन, चार. चौथी: पाच, सहा, सात, आठ. पाचवी: नऊ, दहा, अकरा आणि एक भरतीचा. सहावी: बारा, वाज, ला, ले आणि दोन भरतीचे. क्रम बदलू नका, नाहीतर वाचताना डोळा वर-खाली उड्या मारतो.

प्रोग्राम लिहिताना अपवाद आधी घाला. दीड वाजता ‘साडे एक’ आणि अडीचला ‘साडे दोन’ लागलं, तर घड्याळ बघणारा पहिल्याच दिवशी हसेल. १२:४५ ला नुसतं ‘पाऊण’, १:१५ ला नुसतं ‘सव्वा’. ‘ला’ फक्त चार वेळांना लागतो: एक, सव्वा, दीड आणि पाऊण. बाकी सगळीकडे ‘ले’. ‘पावणे’च्या वेळी पुढच्या तासाचा आकडा लावायचा, हे बरेच जण विसरतात, मग पावणेआठला ‘पावणे सात’ दिसतं.

राहिली मधली चौदा मिनिटं. जाळीखाली सहा ठिपके द्या: दोन मोठे, पाच-पाच मिनिटांचे, चार छोटे, एक-एक मिनिटाचे. दोन पंचे दहा आणि चार मिळून बरोबर चौदा होतात.

एलईडीची पट्टी डब्ल्यूएस २८१२बी प्रकारची, मीटरला ३० दिवे असलेली घ्या. इंदुरात जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. तिच्यात दोन दिव्यांमधलं अंतर ३३.३ मिलिमीटर असतं, तेवढाच चौकोन धरला की जाळी साधारण २६.७ गुणिले २० सेंटीमीटरची होते आणि ओळीत पट्टी कापून पुन्हा जोडावी लागत नाही. ओळी नागमोडी जोडल्या तर दुसरी, चौथी, सहावी ओळ उलट्या दिशेने मोजायची. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. एका वेळी जास्तीत जास्त ‘पावणे अकरा वाजले’ हे नऊ आणि सहा ठिपके असे पंधरा दिवे लागतात, म्हणजे ०.९ अँपिअर. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर पुरे. मात्र प्रोग्राममध्ये उजेडाची कमाल मर्यादा तिसऱ्या हिश्श्यावर बांधून टाका. चुकून सगळे ५४ दिवे एकदम लागले तर सव्वातीन अँपिअर मागतील आणि अडॅप्टर बंद पडेल. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर हवाच. पहिलाच दिवा लुकलुकत असेल तर प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डाचा ३.३ व्होल्टचा संदेश ५ व्होल्टच्या पट्टीला अपुरा पडतो आहे. डेटाची तार १० सेंटीमीटरच्या आत आणा, तरी थांबलं नाही तर मध्ये संदेश ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एचसीटी१२५ ही आयसी घाला.

वेळेसाठी डीएस३२३१ हे मॉड्यूल घ्या. डीएस१३०७ स्वस्त आहे, पण त्याचं बाहेरचं क्रिस्टल मे महिन्यातल्या आणि जानेवारीतल्या हवेत वेगवेगळं चालतं. डीएस३२३१ तापमान मोजून स्वतःला सावरतं आणि वर्षाला साधारण मिनिटभराच्या आत राहतं. वायफायवरून वेळ घेणार असाल तर भारतीय वेळेसाठी १९,८०० सेकंद मिळवायचे.

आता अक्षरं. प्लायमधून आरपार कापलं की व, ब, ठ, क यांची पोटं निखळणारच. तीन मिलिमीटरच्या दुधी अॅक्रिलिकवर काळं व्हिनाइल चिकटवा आणि अक्षरं व्हिनाइलमध्येच काढा. पोट जागच्या जागी चिकटून राहतं. जोडाक्षरं फुटली याचं कारण तुमचा फॉन्ट त्या दुकानाच्या संगणकात नव्हता. कोरलड्रॉमध्ये सगळा मजकूर आधी कर्व्हमध्ये बदला, मगच फाइल द्या. शिरोरेघ दोन चौकोनांत जोडून काढू नका. प्रत्येक चौकोनात तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर शेजारच्या चौकोनाचा उजेड रेघेतून डोकावतो. चौकोनांमधल्या भिंती काळ्या फोमशीटच्या, २० ते २५ मिलिमीटर खोल. याहून उथळ ठेवल्या तर अक्षराच्या मध्यावर दिव्याचा डाग दिसतो आणि कडा अंधारलेल्या राहतात.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या देखाव्यात गांधी हॉलचा मनोरा करतो आहोत. तीन फुटी तबकडीला बाजारातली क्वार्ट्झ मशीन लावली. मिनिटकाटा ४० सेंटीमीटरचा आहे. घड्याळ दर वेळी ४५ मिनिटांच्या आसपास अडकतं. सेल नवीन आहे.
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर: ४० ते ५० मिनिटांच्या दरम्यान अडकणं ही काटा जड असल्याची पक्की खूण आहे. काटा नऊच्या आकड्याशी आडवा असतो आणि वर चढत असतो, तेव्हा मशीनला सगळ्यात जास्त जोर लागतो. आणखी एक खूण तपासा: बारा ओलांडले की काटा एकदम मिनिट-दीड मिनिट पुढे ओघळतो का? ओघळत असेल तर तो दात्यांमधल्या ढिलाईवर पडतो आहे, म्हणजे तोल नाही.

साधी मशीन दहा-बारा सेंटीमीटरच्या काट्यांसाठी असते. दुकानात ‘हाय टॉर्क’ म्हणून मिळते ती घ्या, पण ४० सेंटीमीटरला तीही तोल साधल्याशिवाय पुरणार नाही. आधी काटा हलका करा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची एक सेंटीमीटर रुंद पट्टी ४० सेंटीमीटरला साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरते. पतंगाची कामटी आणि काळा कागद त्याहून हलका. मग मागे शेपूट ठेवून तोल साधा. समजा पुढच्या भागाचं वजन १२ ग्रॅम आहे आणि त्याचा वजनमध्य भोकापासून १८ सेंटीमीटरवर आहे. शेपटीवर ९ सेंटीमीटर अंतरावर २४ ग्रॅम लावले की हिशेब जुळतो. पण मग प्लॅस्टिकच्या दांडीवर ३६ ग्रॅम येतात आणि ती वाकते. काटा सहा ग्रॅमचा केला तर सगळं मिळून अठरा ग्रॅममध्ये भागतं, म्हणून आधी वजन उतरवायचं आणि मग तोल बघायचा. भोकातून सुई घालून काटा फिरवून सोडा. कुठेही सोडला तरी तिथेच राहिला पाहिजे. तासकाट्यालाही हेच करा.

सेकंदकाटा लावू नका. चार्जिंगचा सेल घालू नका, तो १.२ व्होल्टचा असतो आणि जोर आणखी कमी पडतो. जोर वाढवायला दोन सेल जोडण्याचा सल्ला कोणी देईल. तीन व्होल्टमध्ये ती आयसी जाण्याची भीती आहे. मांडवात पंख्याचा झोत तबकडीवर येत असेल तर तोही एवढ्या लांब काट्याला ढकलतो, तेव्हा पंख्याची दिशा बदला.

प्रश्न: गच्चीवर सौरघड्याळ करायचं आहे. एका तयार आकृतीवरून केलं, तर ते कधी दहा मिनिटं तर कधी अर्ध्या तासाहून जास्त चुकतं. दक्षिणेकडच्या भिंतीवर केलं तर बरं होईल का?
— एक वाचिका, सुदामानगर

उत्तर: दक्षिणेकडची भिंत सोडून द्या. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली आहे. जूनचा पहिला आठवडा सरत आला की जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिण भिंतीवर ऊनच येत नाही, आणि मागचेपुढचे आठवडेही ते तिरकं, घासून गेल्यासारखं येतं. गच्चीच बरी.

दहा मिनिटं ते अर्धा तास, हा फरक तुमच्या हाताचा नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतं आणि इंदूर ७५.८६ वर आहे. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य साडेसव्वीस मिनिटं मागे चालतो. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे होणारा वर्षभराचा चढउतार मिळतो. म्हणून इथे सावलीचे बारा वाजतात तेव्हा घड्याळात ३ नोव्हेंबरच्या सुमाराला १२:१० असतात आणि ११ फेब्रुवारीच्या सुमाराला १२:४१. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर, २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास फरक नेमका साडेसव्वीस मिनिटांचा असतो. मेच्या मध्यावर तो २३ आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ३३ मिनिटं. हे आकडे तबकडीखाली कोरून ठेवा.

तयार आकृती दुसऱ्या अक्षांशाची असेल तर मात्र तिचा काहीच उपयोग नाही. आडव्या तबकडीसाठी इंदूरचे कोन असे: मध्यान्हरेषेपासून, म्हणजे उत्तर-दक्षिण रेघेपासून, ११ आणि १ ची रेघ ५.९ अंशांवर, १० आणि २ ची १२.६, ९ आणि ३ ची २१.१, ८ आणि ४ ची ३३.८, ७ आणि ५ ची ५५.२, सहाच्या दोन्ही ९० अंशांवर. सावली पाडणारा त्रिकोण तीन मिलिमीटरच्या पितळी पत्र्याचा, तळ ३० सेंटीमीटर आणि उत्तरेकडच्या टोकाला उंची १२.६ सेंटीमीटर. पत्र्याला जाडी आहे, म्हणून मध्यान्हरेषा एक नाही, तीन मिलिमीटर अंतराने दोन काढा. सकाळच्या रेघा पश्चिमेकडच्या रेषेच्या दक्षिण टोकापासून सुरू होतात, दुपारच्या पूर्वेकडच्या. एकाच बिंदूतून सगळ्या रेघा काढणं ही नेहमीची चूक. ती सकाळ-संध्याकाळ वेगवेगळी फसवते.

पण कोन पाहिलेत? अकरा ते एकच्या मध्ये सगळे मिळून बारा अंशसुद्धा नाहीत. इतक्या खालच्या अक्षांशावर आडवी तबकडी दुपारी फार दाटते. म्हणून आमचं मत विषुववृत्तीय तबकडीकडे झुकतं. गोल तबकडी, तिच्या मध्यातून आरपार जाणारी सरळ सळई, आणि सळई उत्तरेकडे २२.७ अंश वर उचललेली. दर तासाला सरळ १५ अंश, कुठलंही गणित नाही. रेखांशाचा फरक तबकडी सळईभोवती ६.६ अंश फिरवली की कायमचा निघून जातो. मार्च ते सप्टेंबर सावली वरच्या बाजूला पडते आणि बाकीचे सहा महिने खालच्या बाजूला, म्हणून आकडे दोन्हीकडे कोरायचे. विषुवदिनाच्या मागेपुढे काही दिवस मात्र ऊन तबकडीच्या कडेवरूनच जातं. उज्जैनच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र याच तत्त्वावर आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात गोविंद सदाशिव आपट्यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला. आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. कामाला हात घालण्याआधी एकदा जाऊन तिथली सावली सरकताना बघाच.

उत्तर दिशा होकायंत्राने ठरवू नका. आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत अंशाचाही फरक नाही, पण स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात. ओळंबा टांगा, वर दिलेल्या तारखांपैकी एखाद्या दिवशी १२ वाजून २६ मिनिटं ३४ सेकंदांनी त्याच्या दोरीची सावली जिथे पडेल तिथे रेघ मारा. तीच मध्यान्हरेषा. मात्र जूनमधला दिवस निवडू नका, तेव्हा सावली नावालाच असते. आणि सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे सावलीची कड दोन मिनिटांइतकी धूसरच राहणार, त्याहून बारीक अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: मुलीच्या लग्नात मुहूर्तासाठी जुन्या पद्धतीने घटिकापात्र ठेवायचं आहे. स्टीलच्या वाटीला खिळ्याने भोक पाडलं. कधी १५ मिनिटांत बुडते, कधी २२. एकदा तर पाणी आत शिरलंच नाही.
— एक वाचक, देवास

उत्तर: खिळ्याच्या भोकाची कड फाटलेली आणि आत वळलेली असते, पाणी तिथे वळणं घेत येतं. ती वाटी बाजूला ठेवा. बर्तन बाजारातून तांब्याची अर्धगोल वाटी आणा: तोंड १२ सेंटीमीटर, खोली ६, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. जुन्या सिद्धान्तग्रंथांत तांब्याचं दहा पल वजनाचं पात्र, रुंदी बारा अंगुळं आणि उंची सहा अंगुळं असं माप येतं. तुमची वाटी त्याच घडणीची, फक्त लहान.

वाटीच्या बुडाचा नेमका मध्य काढा. आतून लाकडाचा ठोकळा टेकवा, बाहेरून कंपासच्या टोकाने हलकी खूण करा आणि सर्किट बोर्डासाठी मिळणाऱ्या ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच भोक पाडा. तांबं मऊ आहे, मशीन लावलं तर बिट अडकून तुटतं. दोन्हीकडची कड २००० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा आणि वेळ मोजा.

एका घटिकेला २४ मिनिटं हवीत. बुडायला लागणारा वेळ भोकाच्या क्षेत्रफळाच्या उलट प्रमाणात असतो, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या. समजा ०.८ च्या भोकाने ३८ मिनिटं लागली. ३८ भागिले २४ म्हणजे १.५८, त्याचं वर्गमूळ १.२६, गुणिले ०.८; साधारण १ मिलिमीटर. मात्र थेट १ चं बिट घालू नका. ०.९ वर थांबून पुन्हा मोजा आणि शेवटचं काम बारीक सुईकानसीने करा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. जास्त झालंच तर वाटीचं वजन कमी करणं हा एक उपाय उरतो: काठ थोडा घासून पातळ करा, वाटी हलकी झाली की पाण्याचा दाब कमी पडतो आणि वेळ वाढतो.

पाणी शिरलंच नाही ते वाटीला तेलाचा अंश राहिल्यामुळे. मिलिमीटरभर भोकात पाण्याचा थेंब फुगून अडकतो. आतली बाजू ओली झाली तर तो पसरतो आणि पाणी चालू होतं, तेलकट असेल तर पसरतच नाही, आणि हलक्या वाटीचा दाब त्याला फोडायला पुरत नाही. चिंचेने किंवा राखेने घासा, त्यानंतर आत बोट लावू नका, आणि सोडण्यापूर्वी भोकाशी आतून ओलं फडकं टेकवा.

घंगाळ किमान ३० सेंटीमीटर रुंद, पाणी १५ सेंटीमीटर खोल. पाणी दुहेरी कापडाने गाळून घ्या. बोरिंगचं नको, त्याचे क्षार सुकून भोक दोन-चार वेळांतच आकसतं. थंड पाणी दाट असतं आणि सावकाश शिरतं, म्हणून डिसेंबरचं लग्न असेल तर चाचणी मे महिन्यात करून उपयोग नाही. त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच घंगाळात करा. पंखा बंद. वाटी तिरकी तरंगत असेल तर भोक मध्यावर नाही असं समजू नका, बहुधा काठाची जाडी एका बाजूला जास्त असते. तिथे कानस फिरवा. तिरक्या वाटीत काठावरून पाणी आत येतं आणि ती वेळेआधी गडप होते. तुमच्या १५ मिनिटांचं मूळ बहुधा तिथेच आहे.

प्रश्न: उलटं फिरणारं घड्याळ करायचं आहे. सेल उलटा घातला, कॉइलच्या तारा अदलाबदल केल्या, काही झालं नाही.
— एक विद्यार्थी, वैशालीनगर

उत्तर: होणार नाही. या मशीनला आळीपाळीने उलटसुलट ठोके मिळतात, त्यामुळे तारा बदलून फक्त पहिला ठोका बदलतो. दिशा ठरते ती चुंबकी चकतीभोवतालच्या लोखंडी पट्टीच्या, म्हणजे स्टेटरच्या, आकाराने. मशीन उघडा, फोटो काढून ठेवा, चाकं क्रमाने बाजूला ठेवा, आणि स्टेटर पालथा करून बसवा. पितळी चिमटा वापरा, स्टीलच्या चिमट्याला चकती चिकटते. कॉइलची तार केसाहून बारीक असते, तिला स्पर्श नको. काही मशीनमध्ये स्टेटर खिळवलेला असतो, तिथे नाद सोडा. उलटी फिरणारी तयार मशीनही मिळते. गोंड आदिवासी समाजात डावीकडे फिरणारी घड्याळं वापरात आहेत, आणि बोलिव्हियात २०१४ मध्ये संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ असंच उलटं केलं गेलं. तबकडीवरचे आकडेही उलट्या क्रमाने लिहायला विसरू नका.

प्रश्न: गोट्यांवर चालणारं घड्याळ केलं. मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर लावली आहे. मिनिटांचा पन्हाळ ठीक उलटतो, तासाचा कधी अकराव्या गोटीलाच उलटतो, कधी तेराव्याला. रोज दोनेक मिनिटं मागेही पडतं.
— एक वाचक, परदेशीपुरा

उत्तर: दोन वेगळे दोष आहेत. मागे पडण्याचं कारण मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते हे आहे. आपल्या ग्रिडचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. दिवसभर ४९.९० राहिली तर १७३ सेकंद जातात, शिवाय लाइट गेली की सगळंच थांबतं. मोटर काढा, डीएस३२३१ आणि २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर लावा, मिनिटाला एक गोटी उचलू द्या.

पन्हाळाचा दोष गोट्यांचा आहे. काचेच्या गोट्या सारख्या नसतात, आणि व्यासात पाच टक्के फरक म्हणजे वजनात सोळा टक्के. मिनिटांच्या पन्हाळात चारवरून पाच होताना वजन चौथ्या हिश्श्याने वाढतं, म्हणून तो चुकत नाही. तासाच्या पन्हाळात अकरावरून बारा, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. तिथे काचेची गोटी टिकणार नाही. सियागंजच्या बेअरिंगवाल्यांकडून १२ मिलिमीटरचे पोलादी छर्रे आणा, एकेक सात ग्रॅमचा भरतो आणि सगळे सारखे. तुमच्या घड्याळात पन्हाळांत ४ (मिनिटांचे), ११ (पाच-पाच मिनिटांचे) आणि ११ (तासांचे), एक कायमचा चिकटवलेला आणि दोन-तीन उचलणीवर, असे तिसेक लागतील. आणि वजनावर विसंबू नका: टेकू असा ठेवा की अकरा छर्रे टेकूच्या अलीकडे राहतील आणि बारावा पलीकडे जाऊन पडेल. मग वजन दुय्यम ठरतं. उतार दोन-तीन अंश. छर्रे लोहचुंबकाजवळ ठेवू नका, एकदा चुंबकले की जोडीने घरंगळतात आणि घड्याळ मिनिट गिळतं.

प्रश्न: सहा मिलिमीटर प्लायचं लाकडी दात्यांचं घड्याळ, लंबकावर चालणारं, एप्रिल-मेमध्ये छान चाललं. जुलैत बंद. वजन अडीचवरून चार किलो केलं तरी तासाभरात थांबतं.
— एक वाचक, टिळकनगर

उत्तर: वजन पुन्हा अडीचवर आणा. अडलेल्या चाकावर जोर वाढवला की दाते झिजतात, अडकण जात नाही. तुम्ही पाठवलेल्या नकाशातले दाते बरोबर आहेत: तीस दात्यांचं सुटकेचं चाक, मग ८-६४ आणि ८-६०, म्हणजे मिनिटकाट्यापर्यंत एकास साठ. तिथे हात लावू नका.

नांगर, म्हणजे लंबकाबरोबर हलत सुटकेच्या चाकाचा एकेक दाता सोडणारा तुकडा, काढून घ्या आणि दोरीला फक्त दीडशे ग्रॅम लावा. चाकं आपोआप, न थबकता फिरली पाहिजेत. थबकत असतील तर एकेक चाक काढून दोषी शोधा. पावसात प्लाय जाडीने फुगतो, त्यामुळे दोन पाट्यांमध्ये चाकांना आडवी मोकळीक उरत नाही. ती प्रत्येक दांडीला अर्धा ते एक मिलिमीटर हवी. तीन मिलिमीटरची पोलादी दांडी थेट लाकडात फिरत असेल तर लाकूड तिला आवळतं, ३.२ मिलिमीटर भोकाची पितळी नळी बसवा. लेझरने जळलेली काजळी दात्यांवर राहिली असेल तर ओल धरून चिकट होते, पॉलिश पेपरने काढा. मग चाकांच्या दोन्ही बाजूंना लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. एकाच बाजूला दिलं तर चाक वाकडं होईल. दात्यांवर तेल नको, धूळ बसून लुगदी होते. ६बी पेन्सिलीची शिसपूड पुरे. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनचं ब्रॉकल्सबी पार्कचं लाकडी घड्याळ १७२० च्या दशकात बिनतेलाचं बांधलं गेलं, ते तेलकट, घट्ट लाकडाच्या निवडीमुळे. साध्या प्लायकडून तेवढी अपेक्षा नाही, पण तत्त्व तेच.

चाकं मोकळी झाली की टिकटिक ऐका. ‘टिक’ आणि ‘टक’ यांतलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ लंगडतं आहे. लंबक शांत उभा असताना नांगर दोन्हीकडे सारख्या कोनात सुटला पाहिजे, तोवर नांगराला लंबकाशी जोडणारी मागची काडी किंचित वाकवा. वेळ लावणं सगळ्यात शेवटी. सेकंदाचा लंबक इंदुरात ९९.२ सेंटीमीटरचा होतो, आणि त्यात मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला ४३ सेकंद. गोळ्याखाली एम४ नट लावला तर एका फेऱ्याला तीस सेकंद. दांडी अॅल्युमिनियमची असेल तर दहा अंश तापमान वाढल्यावर दिवसाला दहा सेकंद मागे पडेल, उभ्या रेषांच्या सागवानी पट्टीची असेल तर दोनच. पट्टीलाही लाखेचं पॉलिश द्या, आणि नट फिरवल्यावर चोवीस तास थांबूनच पुढचा फेरा द्या.